रेजिनानं कडी लावली

भर दुपारी वोइचिक बारच्या दारात रांग लागली होती, आणि ती बघूनच रेजिना वोइचिकचं डोकं फिरलं होतं.

अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या या कोपऱ्यावर आजोबांनी उघडलेला बार रविवारी कायमचा बंद करायचं तिनं ठरवलं होतं. पेपरात बातमी आली आणि शुक्रवारचा तळलेला मासा खायला अख्खं शहर लोटलं. गेला हिवाळाभर शुक्रवारी ती आणि स्वयंपाकी ओटिस रिकाम्या टेबलांकडे बघत बसलेले असायचे. आज ओटिसला तेलासमोरून हलायला फुरसत नव्हती.

"असं कसं बंद करता तुम्ही?" हिरव्या कोटातली एक बाई काउंटरवर वाकून म्हणाली. "आपल्या वस्तीचा ठेवा आहे हा!"

"तुम्ही समोरच राहता ना? दुसऱ्या मजल्यावर?"

"अय्या, ओळखता तुम्ही मला?"

"दर शुक्रवारी दारात जेवणाची पार्सलं घेताना दिसता. त्यातलं माझ्याकडचं एकही नसतं."

बाईचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. रेजिनानं पुढच्या गिऱ्हाइकासमोर ग्लास असा आदळला की फेस तिच्या मनगटावर उडाला.

तेवढ्यात कॅझ आत आला. चामड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून म्हातारा रोज दुपारी इथंच जेवायचा, हिमवादळातसुद्धा. काठी टेकत, गर्दीतून वाट काढत तो भिंतीलगतच्या आपल्या स्टुलापाशी पोचला. स्टुलावर नोवाकांचा गॅरी बसला होता. दूर उपनगरात राहणारा हा गॅरी बापाच्या अंत्यविधीनंतर आज पहिल्यांदाच फिरकला होता आणि फोन उंच धरून स्वतःचे फोटो काढत होता. कॅझ थोडा वेळ तिथं उभा राहिला. मग टोपी चढवून परत फिरला.

रेजिनानं ते पाहिलं. ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली.

"गॅरी, ऊठ."

"अगं रेजिना! बरं झालं आलीस. हे स्टूल मला दे ना. बाबा इथंच बसायचे. आठवण म्हणून ठेवीन घरी." त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"तुझे बाबा खिडकीपाशी बसायचे. ऊठ म्हणते ना!"

"एवढं चिडायला काय झालं? प्रेमापोटी आलोय आम्ही."

"प्रेमापोटी!" तिचा आवाज असा चढला की सगळ्यांच्या माना वळल्या. "माझा बार अजून जिवंत आहे रे, आणि तुम्ही मयताला जमलात. मढ्याच्या बोटातली अंगठी काढावी तसं स्टूल मागतोस? फेब्रुवारीत कुठं मेला होतात सगळे? चल, बाहेर हो. तुम्हीही सगळे. हिवाळ्यात जे एकदा तरी इथं जेवलेत, तेवढेच बसा."

खुर्च्या सरकल्या. कुणी पुटपुटलं, कुणी शिवी हासडली. हिरव्या कोटातली बाई खाली मान घालून गेली, तिच्यामागोमाग गॅरीही. उरले ते एका टेबलाभोवती मावले असते.

रेजिना रस्त्यावर धावली. "ए म्हाताऱ्या, कुठं निघालास उपाशी?" म्हणत कॅझला दंडाला धरून आत घेऊन आली, आणि रांगेच्या तोंडावर दार आपटून कडी लावली.

"वर्षातला एकुलता एक बरा दिवस घालवलास," ओटिस आतून म्हणाला.

"घालवला. याचं ताट आण."

काचेला बाहेरून फोन चिकटले होते. कॅझनं माशाचा तुकडा मोडला, सावकाश चावला आणि तोंड वाकडं केलं.

"मऊ पडलाय," तो म्हणाला. "घाईत तळलाय."

कुणीतरी काचेवर टकटक करत होतं. रेजिनानं तिकडे पाहिलंही नाही. तिनं कॅझच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

"ओटिस! दुसरा तळ. आणि तेल नीट तापू दे. आता कुणाची घाई नाहीये."