न दुखणारी गाठ

विश्वजीतचा हात बोकडाच्या मागच्या पायांमध्ये गेला आणि तिथंच थांबला. पैदाशीचा बोकड घ्यायचा तर दात, शिंगं नंतर; आधी अंडकोष चाचपायचा, ही त्याची शिस्त. दोन्ही गोळ्या सारख्या हव्यात, आत काही टणक लागता कामा नये. शिरूरच्या बाजारात मांडवगणच्या या पोराच्या बोटांना मान होता.

"आप्पा, ह्याच्या डाव्या गोळीत गाठ हाय."

"आसंना का. दुखत न्हाई त्याला. खातोय, उड्या मारतोय," विकणारा म्हातारा म्हणाला.

"दुखत न्हाई म्हणून तर कुणाच्या ध्यानात येत न्हाई," विश्वजीत तोऱ्यात बोलून गेला, आणि लगेच त्याचे कान तापले.

कारण तीन महिने झाले, अंघोळ करताना त्याला स्वतःलाही तशीच गाठ लागत होती. हरभऱ्याएवढी, टणक, अजिबात न दुखणारी. मोटारसायकलमुळं असेल, कुठल्या तरी बोकडाची धडक बसली असेल, असं तो स्वतःला समजावत आला होता. शेकडो बोकड पारखणारा हा शहाणा स्वतःच्या बाबतीत मात्र ढिम्म. लाज, दुसरं काय! त्यात राहू गावच्या अपेक्षाशी लग्न ठरलेलं. असलं दुखणं कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडानं?

त्या दिवशी त्यानं बोकड घेतला नाही. सरळ दवाखाना गाठला.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. कॅन्सर निघाला.

"तुमच्यासारख्या तरण्या पोरांनाच हा जास्त होतो," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही वेळेत आलात. ती गोळी काढून टाकू. लवकर सापडला की बहुतेक जण ठणठणीत बरे होतात."

"आन् लेकरं?"

"बहुतेकांना एका गोळीवर होतात."

बरं होण्यावर विश्वजीतचा विश्वास बसला, लेकरांच्या बोलण्यावर नाही.

पुण्याला ऑपरेशन झालं. कॅन्सर दुसरीकडं कुठंही पसरला नव्हता. ठरलेल्या तारखांना तपासणी करत राहायची, एवढंच. जीव वाचला म्हणून घरात पेढे आले. विश्वजीतनं मात्र आपला पेढा पुड्यात परत ठेवला.

"सोयऱ्यांना हर्निया सांगू," त्याची आई कस्तुराबाई म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

त्याला ते पटेना. त्यानं आधी अपेक्षाला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वेळेवर दवाखान्यात गेलात, बरं झालं. माझं काय म्हणणं न्हाई. पण पप्पांना तुम्हीच सांगा. पुढं दुसऱ्याकडनं कळलं तर घर डोक्यावर घेतील."

म्हणून तो आज राहूत, तिचे वडील साहेबराव यांच्यासमोर बसला होता. साहेबराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. एका शब्दात लग्न मोडू शकणारं. विश्वजीतनं मान खाली घालून गाठीपासून ऑपरेशनपर्यंत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "मामा, लेकरं व्हत्याल म्हणत्यात डॉक्टर," तो शेवटी म्हणाला, "पण तुमच्या पोरीचा जलम हाय. न्हाई म्हणालात तर मला राग न्हाई."

साहेबरावांनी चहाची बशी खाली ठेवली. उठून दार लोटून घेतलं आणि येऊन त्याच्या शेजारी खेटून बसले. बघता बघता त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते उपरण्यानं डोळे पुसू लागले. विश्वजीतला काही कळेना.

"पाव्हणं, लई छातीचं हायसा. मला एवढी वर्षं हे कुणाला सांगता आलं न्हाई. एक आमच्या मंडळींना तेवढं म्हाईत." त्यांनी आवाज खाली आणला. "हेच आप्रेशन माझं झालंय, अठ्ठ्याण्णव साली."

आत अपेक्षा कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होती.

"आन् ही," दाराकडं बोट करून साहेबराव म्हणाले, "दोन हजार सालची हाय."