पुढचा सिग्नल

"खिडकीत तुम्ही बसा," मी यांना बजावलं. रविवारच्या दुपारी लोणावळा लोकल निम्मी रिकामी होती.

जन्मभर लोकल चालवलेले माझे यजमान, फाटकात कुणी यांच्या गाडीखाली आलं त्या दिवसापासून स्टेशनकडे फिरकले नव्हते. दोष यांचा नव्हता, पण ऐकतंय कोण? आज मी डबा भरला आणि यांना ओढूनच आणलं.

तेच फाटक जवळ आलं तसे यांनी डोळे मिटले. पुढे वळणावर पिवळा सिग्नल दिसत होता. दिसेल तो सिग्नल मोठ्यानं म्हणायचा, ही मोटरमनची शिस्त. मी ठणकावून म्हटलं, "हिरवा!"

यांनी खाडकन डोळे उघडले. "हिरवा कुठला? पिवळा आहे, पिवळा!"

यांच्या डोळ्यांदेखत फाटक मागे गेलं. मी डबा उघडला. "बरं, पिवळा. येताना सगळे तुम्हीच म्हणा."