लाल झाकण

जावयानं चोरासारखं वागावं हे सासूबाईंना मुळीच रुचत नव्हतं. आल्या दिवसापासून तो यजमानांच्या जुन्या टेपरेकॉर्डरभोवती घोटाळत होता. कधी पट्टीनं बटणं मोजायचा, कधी फोटो काढायचा. गिऱ्हाईक गाठलंय, दुसरं काय! यजमान गेल्यापासून त्यांनी त्या यंत्राला कुणाचा हात लागू दिला नव्हता. शेवटी त्या कडाडल्या. “कितीला ठरवलंत, जावईबापू?” त्यानं गडबडून लॅपटॉप पुढे केला. “विकत नाही हो, आई! इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अल्बमचं कव्हर करतोय.” पडद्यावर तोच टेपरेकॉर्डर चितारलेला होता, तीच चंदेरी बटणं, आणि तुटलेल्या बटणाच्या जागी यजमानांनी चिकटवलेलं औषधाच्या बाटलीचं लाल झाकणसुद्धा. सासूबाई चष्मा सावरून बघत राहिल्या. संशय फिटेना. मग त्यांचं बोट झाकणावर थांबलं. “हे सरळ काढलंत. ह्यांच्या हातून जन्मात काही सरळ बसलं नाही. वाकडं करा, मग छापा.”