उजेडाचा शिंपी

ज्या ताटलीवर काहीच उगवायला नको होतं, ती पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली होती.

टेगनने ती पिवळ्या दिव्याखाली पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. काल तिनेच या जिवाणूंवर अतिनील किरण सोडले होते. त्यांच्या डीएनएचा धागा जागोजागी चिकटून बसला असणार. ते मरायलाच हवे होते.

नोलीन, प्रयोगशाळेतली तिची जुनी सहकारी, वाकून बघत हसली. "ताटल्यांना काळा कागद गुंडाळायचा विसरलीस. तासभर तरी उजेडात राहिल्यात ह्या. पोरीला झाकता झाकता ताटल्या राहिल्या बघ."

तसंच झालं होतं.

टेगनची पोर कोपऱ्यात चित्र रंगवत होती. मार्ली, पाच वर्षांची. टाउन्सव्हिलच्या उन्हाळ्यात घराबाहेर टोपी, मुखवटा, हातमोजे काढून बसता येईल अशी तिला ही एकच बिनखिडकीची खोली. उन्हाने केलेली इजा तिच्या पेशींना दुरुस्त करता येत नव्हती, जन्मापासूनच. गालावरचा एक डाग नुकताच कापून काढला होता. टाके अजून ओले होते.

"मेलेले उठले?" तिने विचारलं.

टेगन तिला रंगपेटीकडे वळवायला गेली, पण नोलीन रंगात आली होती. ह्यांच्या पोटात एक शिंपी असतो, तिने सांगितलं, मोठी माणसं त्याला एन्झाइम म्हणतात. उजेड पडला की तो कामाला लागतो, चिकटलेला धागा मोकळा करतो. आणि एखाद्याकडे शिंपी नसलाच, तर कधी कधी शेजारी आपल्यातला देतो. मग घेणारा त्या शिंप्याला आपल्या धाग्यात जोडून घेतो, कायमचा.

"कसा देतो?"

"खेटून बसतो अगदी. चिकटतो म्हण ना."

"नोलीन, पुरे," टेगन म्हणाली.

कालच्या आणखी कोणत्या ताटल्या वाया गेल्या ते बघायला हवं होतं. दोघी उबवणीच्या पेटीपाशी बसून एकेक झाकण उचलू लागल्या. नोलीन म्हणाली, आता सगळं पहिल्यापासून. टेगनने मान हलवली. तेवढ्यात तिच्या गुडघ्याशी फरशीवर उजेडाची बारीक रेघ दिसली.

दार किलकिलं होतं.

बाहेरच्या उघड्या व्हरांड्यात मार्ली उभी होती, डोक्यावर टोपी नाही, हातात मोजे नाहीत. पायाशी उपडी पडलेली ती ठिपक्यांची ताटली. पांढरट, चिकट झालेला तळवा तिने उन्हात पसरून धरला होता.

टेगन धावली. पोरीला पोटाशी घेऊन तिने उन्हाकडे पाठ केली.

"सरक ना आई," मार्ली तिच्या कुशीतून हात बाहेर काढू पाहत म्हणाली. "आत्ताच आलाय तो माझ्यात. त्याला दिसत नाहीये."