शंभर पेशी

"काच आण," बाई म्हणाल्या आणि कुणाला न विचारता मायक्रोस्कोपसमोरच्या स्टुलावर बसल्या.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या या लॅबमध्ये, याच स्टुलावर त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, त्यातलं दीड अंडाशयाच्या कॅन्सरने खाल्लं. आज सकाळी पेशंटांच्या रांगेत उभं राहून त्यांनी रक्त दिलं होतं. मशीनचा रिपोर्ट मात्र त्यांना नको होता. आपल्या पेशी आपणच मोजायच्या, जुन्या पद्धतीने, काचेवर, एकेक करून शंभर.

हट्टाला कारण होतं. पांढऱ्या पेशींमधले न्यूट्रोफिल किती, लिम्फोसाइट किती, आणि एकाला दुसऱ्याने भागायचं, एवढं साधं गणित. अंगात दाह वाढला की भागाकार चढतो, आणि या आजारात तो चढतच राहिला तर पुढचं काही खरं नसतं. "एका आकड्यावर काही ठरत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले होते. बाईंचं मात्र ठरलं होतं. मुलगी परगावी शिकत होती, शेवटची परीक्षा तीन महिन्यांवर. आईचा आजार उलटलाय हे तिला ठाऊक नव्हतं. भागाकार पाचाच्या आत आला तर परीक्षा होईपर्यंत तिला काही कळवायचं नाही. वर गेला तर आजच फोन करायचा.

हे सगळं त्यांनी सकाळी, दंडाला पट्टा बांधलेला असतानाच, टेक्निशियनला सांगून टाकलं होतं. ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. बाई तिला घाबरट म्हणायच्या, कारण पहिल्या दिवशी सुई बघून पेशंटच्या आधी तीच मटकन खाली बसली होती.

घाबरटने रक्ताचा थर दिलेली काच लावली आणि बटणांचा काउंटर पुढ्यात घेऊन बसली.

"न्यूट्रो, न्यूट्रो, लिम्फ, न्यूट्रो..." बाईंचा आवाज खोल गेला होता, वेग तोच होता. बाईंनी बोलायचं, हिने बटण दाबायचं. शंभर भरले तशी काउंटरची घंटी वाजली.

"किती?"

"न्यूट्रोफिल अठ्ठावन्न, लिम्फोसाइट तीस. दोनसुद्धा नाही, बाई! बघा, उगाच जिवाला घोर लावून घेतलात."

बाईंनी डोळा वर केला नाही. "इओसिनोफिल?" ॲलर्जीत वाढणाऱ्या पेशींचं त्यांनी विचारलं.

"नऊ."

"म्हणजे धुळीची सर्दी अजून गेली नाही तुझी."

टेक्निशियनने बोटावरचा कापूस मुठीत लपवला. व्हायचा तो उशीर झाला होता.

"आणि या लाल पेशी बघ, कशा ठणठणीत. माझं हिमोग्लोबिन आठ आहे, विसरलीस? फसवायचंच होतं तर रक्त तरी एखाद्या आजारी माणसाचं घ्यायचंस." बाई स्वतःच हसल्या. मग हसणं थांबलं. "मी मान्य केलं असतं ना, तर माझी पोर भेटायची राहून गेली असती गं."

टेक्निशियनला रडू कोसळलं. तिचं प्रेम खरं होतं आणि चूकही खरी होती, आणि दोन्ही तिला एकाच वेळी कळलं.

"पुरे. नाक पूस आणि माझी काच लाव."

या वेळी "न्यूट्रो"नंतर "न्यूट्रो"च येत राहिलं. लिम्फोसाइटच्या बटणावर टेक्निशियनचं बोट नुसतं वाट बघत होतं. सत्तरच्या पुढे तिला राहवेना.

"बाई, थांबू या का?"

"शंभर म्हणजे शंभर. हेच शिकवलं का मी तुला?"

घंटी वाजली. शहाऐंशी आणि आठ. भागाकार दोघींनी मनातच केला. पावणेअकरा. ताप नव्हता, खोकला नव्हता, कुठे जखम नव्हती. दुसऱ्या कशावर ढकलावं असं काहीच नव्हतं.

बाईंनी रजिस्टरमध्ये आकडे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि सहीसाठी ते टेक्निशियनपुढे सरकवलं. तिने सही केली. ती जरा वाकडी आली.

मग बाईंनी पर्समधून फोन काढला. बराच वेळ तो वाजत राहिला. शेवटी पलीकडून आलेला मुलीचा घाईतला आवाज टेक्निशियनलाही ऐकू आला.

"आई, वर्ग सुरू होतोय गं. रात्री बोलू? का काही तातडीचं आहे?"

गेलं दीड वर्ष या प्रश्नाला बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. नाही गं, सहज केला होता. तेच आताही ओठांपर्यंत आलं होतं.

"आहे," बाई म्हणाल्या. "निघून ये."