शेवंतापुरती मेथी

"भाजी खाताय ना?" डॉक्टर तळवलकरांनी विचारलं.

"खाते की," शेवंता म्हणाली.

तिच्या दंडात बसवलेल्या, रक्तातली साखर मोजणाऱ्या चकतीनं मात्र केव्हाच चुगली केली होती. दवाखान्यातून औषध म्हणून मिळणारी मेथी तिच्या पोटात गेलीच नव्हती. साखर चढलेलीच होती आणि पायाची जखम चिघळत चालली होती. पोरांच्या गालांवर तेवढं तेज आलं होतं.

"अहो, भाजी तुम्हाला दिलीय. पाय कापायचाय का?"

"पोरांच्या आधी कशी जेवू, डॉक्टरसाहेब? मी बसते तोवर पातेलं पुसलेलं असतं."

विज्ञानाकडे यावरही उत्तर होतं. पुढच्या आठवड्यात खास शेवंताच्या जिभेशी जुळवून वाढवलेली मेथी आली. ती फक्त तिलाच गोड लागणार होती, इतरांना कारल्याहून कडू. तळवलकर इतके खूश होते की शोधनिबंधाचं शीर्षकही त्यांनी ठरवून टाकलं.

शेवंतानं भाजी परतली आणि चाखून पाहिली. खरंच गोड होती. आता पोरं थुंकणार आणि आपल्याला पोटभर मिळणार, या विचारानं तिला लाज वाटली आणि तोंडाला पाणीही सुटलं.

धाकट्या तनूनं पहिला घास घेतला. तिचं तोंड वाकडं झालं, डोळे भरून आले. शेवंतानं तिचं ताट उचलायला हात पुढे केला.

"राहू दे ना, आई," तनू कसाबसा घास गिळत म्हणाली. "कडू आहे, पण भाजी आहे."

थोरल्यानं तोवर पातेलं आपल्याकडे ओढलं होतं.