सहीसाठी सादर

नातीचा पहिला फोटो येऊन दोन तास झाले तरी उघडेना, म्हणून निवृत्त हेडक्लार्क तोडणकरांनी कॉम्प्युटरवाल्या मुमताजला बोलावून घेतलं.

“आठवड्यापूर्वी तूच या कॉम्प्युटरवर नवं लिनक्स टाकलंस ना? मग हे एवढं रेंगाळतं का?”

मुमताजने तपासलं आणि कपाळाला हात लावला. “काका, हे मालकाचं वळण उचलतं. तुम्ही दुधाच्या पिशवीचीही आवक नोंदवता, तसं हे प्रत्येक क्लिक नोंदवून साहेबांच्या सहीला पाठवतंय.”

“कोण साहेब?”

“तुम्हीच! इथं सही केलीत की फोटो उघडेल.”

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सहीसाठी ताटकळलेले तोडणकर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

“ठेव तिथंच,” ते म्हणाले. “उद्या बघतो.”